उथळ बाजू

आबासाहेबांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मे महिना होता, उकाडा मरणाचा, काढलं असेल हवेसाठी, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग त्यांनी दुसरं काढलं. हवेसाठी माणूस एक बटण काढतो हो, दोन काढत नाही. मी नव्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर शिट्टी तोंडात धरून उभा होतो, अंगात कारखान्याने शिवून दिलेली खाकी पँट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दुसऱ्या बटणासरशी मी मनातल्या मनात कार्यक्रम पुन्हा म्हणून पाहिला. उद्घाटनात नारळ होता, फीत होती, दोन शब्द होते, शेवटी पेढे होते. बटणं नव्हती.

झालं होतं एवढंच, की पहिल्या रांगेत बसलेल्या भागूबाईंनी भर सभेत तोंड उघडलं होतं. भागूबाई म्हणजे आबासाहेबांची थोरली बहीण. आबासाहेब आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन, आणि कोपरगावापासून पुढे गोदावरीच्या दोन्ही काठांवर त्यांना 'अरे' म्हणणारं माणूस एवढं एकच. "आबा, निस्ता नारळ फोडून काय रं ऱ्हातूस?" म्हातारी कडाडली. "येवढं पानी भरून ठिवलंय. सूर मार की! का म्हातारा झालास?" मांडव हसला, टाळ्या पडल्या. आबासाहेब "न्हाई न्हाई, आता काय" म्हणाले, आणि न्हाई न्हाई म्हणता म्हणताच त्यांचा हात गळ्याशी गेला. सूर म्हणजे डोकं खाली, हात पुढे, सरळ पाण्यात. आणि आबासाहेब ज्या काठावर उभे होते तिथे पाणी माझ्या कमरेएवढं होतं. हे त्या अख्ख्या मांडवात फक्त माझ्या ध्यानात आहे असं मला वाटलं, आणि माझं कोणी ऐकत नसे.

कुणी म्हणेल, तिथे उभंच का केलं त्यांना? मीही तेच म्हणत होतो, आठवडाभर, घसा बसेपर्यंत. आमच्या तलावाची पश्चिमेची बाजू उथळ आणि पूर्वेची खोल. भटजी म्हणाले, यजमानाचं तोंड पूर्वेला पाहिजे आणि पाणी समोर पाहिजे. झालं! यजमान पश्चिमेच्या काठावर, म्हणून मांडव तिथे, खुर्च्या तिथे, लाऊडस्पीकर तिथे, बँड तिथे. त्या काठावर मी पेंटरकडून तांबड्या अक्षरात 'उथळ' अशी ठसठशीत पाटी करून लावली होती. रंगनाथरावांनी, म्हणजे आमच्या कल्याण अधिकाऱ्यांनी, ती आंब्याच्या डहाळ्यांनी झाकून टाकली. "बोर्डे, मंगल कार्यात उथळ काय दाखवता? आबासाहेबांच्या डोक्यावर 'उथळ'! फोटोत येईल की ते." मी म्हणालो, मग समोरच्या काठावरची 'खोल' ही पाटी तरी उघडी कशाला? ते म्हणाले, 'खोल' चांगलं दिसतं, आणि तिकडे कोणी बघत नाही. वर सकाळपासून कॉलनीतल्या बायका येऊन तलावाची ओटी भरत होत्या. नवं पाणी आलं की ओटी भरायची, मग ते विहिरीचं असो की कारखान्याचं. हळद, कुंकू, खण, तांदूळ, झेंडूची फुलं, आणि तांब्या-तांब्यानं दूध. मी म्हणालो, बायांनो, पाण्यात औषध टाकलंय, दूध कशाला घालता? तर एक म्हणाली, "मंग दूध बरंच की, आवशिद बादनार न्हाई." दूध सोसायटीने तर अख्खा कॅन ओतला. ओतला कुठे? मांडवापाशीच. आधीच ते पाटाचं पाणी, तुरटी फिरवून फिरवून मी कसंबसं निवळवलेलं. आता उथळ बाजूचा तळ कुणाच्या बापाला दिसत नव्हता. दिसत होता ताकासारखा पांढुरका थर आणि त्यावर तरंगणारे झेंडू.

तिसरं बटण. रंगनाथराव माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "साहेब, थांबवा त्यांना. इथे तीन फूट पाणी आहे." रंगनाथराव समोर बघून हसत होते, फोटोग्राफर त्यांच्याकडे वळला होता ना. तसंच हसत ते म्हणाले, "आबासाहेबांना नको कोण म्हणणार? तुम्ही म्हणा." मी म्हणालो, मान मोडेल हो त्यांची. "काहीतरी अभद्र बोलू नका, बोर्डे. ते विहिरीत सूर मारत आलेत जन्मभर." तेच तर! अहो, विहिरीला उथळ बाजू नसते. या काठापासून त्या काठापर्यंत सारखं खोल. नदीला असते, पण नदीत कुणी सूर मारत नाही, तिथे चालत उतरतात. आमच्या भागातला माणूस पाण्यात डोकं घालतो ते विहिरीतच. आबासाहेबांची तर ख्यातीच होती, तरुणपणी ते मोटेच्या धावेवरून सूर मारायचे आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचे. मूठ उघडून गाळ दाखवल्याशिवाय तो सूर धरतच नसत. म्हणजे हा गृहस्थ नुसता पाण्यात शिरणार नव्हता, तळाकडे जोर लावून शिरणार होता!

पुण्याचा तो माणूस मला दिसायला लागला. कारखान्याने मला आठवडाभर पुण्याला पाठवलं होतं, तलाव कसा सांभाळायचा ते शिकायला. तिथले उस्ताद चांगले ढेरपोटे, स्वतः पाण्यात कधी गेलेले मी पाहिले नाहीत, खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात सगळं शिकवायचे. ओल्या फरशीवर कुणाला पळू द्यायचं नाही. जेवून आलेल्याला तासभर बसवायचं. तेल चोपडून आलेल्याला आधी नळाखाली घालायचं. कुणी बुडायला लागला तर आपण उडी मारायची नाही, लांबून बांबू द्यायचा. हे ऐकून मला उस्तादांच्या पायाच पडावंसं वाटलं, कारण उडी मारण्याचा विचार करून माझी रात्रीची झोप गेली होती. मग एके दिवशी ते म्हणाले, "बोर्डे, खोल भागाची एवढी काळजी करू नका. तिथं लोक आपणहून घाबरतात. नजर ठेवायची ती उथळ भागावर." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट केलं. तिथे तालमीतला एक पैलवान बसला होता, हा एवढा दांडगा, आणि हनुवटीपासून छातीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. मागच्या उन्हाळ्यात त्याने उथळ भागात सूर मारला होता. आम्ही बघतोय हे कळल्यावर त्याने नमस्कार केला, पण मान वळेना, म्हणून अख्खं अंग आमच्याकडे वळवून केला. उस्ताद शेंग फोडत म्हणाले, "हा नशीबवान." त्या रात्री मी जेवलो नाही.

आबासाहेबांनी सदरा काढून भागूबाईंच्या मांडीवर ठेवला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सदऱ्याखाली छाती अजून रुंद होती, पांढरे केस, पोट मात्र बसून बसून पुढे आलेलं, आणि वर ती मान, तांबूस, जाड, दोन वळ्या पडलेली. मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. मी तीन महिन्यांपूर्वी या मानेसमोरच उभा होतो, त्यांच्या केबिनमध्ये. कामगारांची पोरं पाटात उड्या मारायची, एकाला पाटकऱ्याने केसाला धरून बाहेर काढला, तेव्हापासून आबासाहेबांनी तलावाचा ध्यास घेतला होता. "बोर्डे, तलावावर तुमी," ते म्हणाले. मी टाइम ऑफिसातला कारकून. मी म्हणालो, साहेब, मला पोहता येत नाही. "लई ब्येस. पवनारा मानूस सोताच पान्यात ऱ्हातो. तुमी काठावरच ऱ्हाल." मी म्हणालो, मला पाण्याची भीती वाटते. "म्हून तर! आख्ख्या कारखान्यात तुमच्याइतका भित्रा मानूस न्हाई. मला भित्राच पायजे." आणि हसले. मला राग आला नाही. खरंच होतं ते. मी भोंगा वाजायच्या आधी कानात बोटं घालणारा माणूस. ऊस घेऊन येणारी बैलगाडी लांब फर्लांगावर असली तरी मी रस्त्याच्या कडेला थांबतो. आमच्या घरात दिवा लावायला काडी माझी बायको हन्ना ओढते.

आणि पाण्याचं म्हणाल, तर आम्ही नगरच्या मिशन कंपाउंडमधले. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला डोक्यावर चार थेंब शिंपडतात, बुडवत नाहीत. त्या गोऱ्या साहेबांनी आमच्या घराण्यावर केलेले हे उपकार मी कधी विसरणार नाही. बुडवणारी मंडळी आमच्याकडे आधी आली असती तर आमचा आजा अजून बाहेरच राहिला असता. पोहायला शिकवायचा प्रयत्न एकदाच झाला, मिरजगावला, मामाकडे. पाठीला सुका भोपळा, कमरेला कासरा, कासऱ्याचं टोक मामाच्या हातात, आणि मला विहिरीत सोडलं. त्या भागातली विहीर, उन्हाळ्यात पाणी तळाला. सोडताहेत, सोडताहेत, पाणी काही येईना, आणि मी "बुडालो, बुडालो" म्हणून असा काही बोंबललो की शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. पाय अजून कोरडे होते. मामा मरेपर्यंत ती गोष्ट सांगत राहिला, प्रत्येक लग्नात. मी तिथेच बसलेला असायचो आणि हसायचो, काय करणार.

फेटा. आबासाहेबांनी फेटा उतरवला, घड्याळ काढून रंगनाथरावांच्या हातात दिलं. माझी नजर बायकांच्या रांगेत गेली. हन्ना माझ्याकडेच बघत होती. ती कारखान्याच्या दवाखान्यात नर्स, सकाळी मला टोपी नीट घालून देताना म्हणाली होती, "अहो, कुणाला काही झालं तर माझ्याकडे आणू नका हं. माझ्याकडे टिंक्चर आहे आणि पांढऱ्या गोळ्या आहेत. मोठं हॉस्पिटल नगरला." तेव्हा ती चेष्टा करत होती. आता तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तिने हनुवटीने मला आबासाहेबांकडे खूण केली, जा की, सांगा की. म्हणजे तिलाही कळलं होतं! मी तलावात पाणी भरायच्या आधी तिला तळावर फिरवून आणलं होतं, कोरड्या उतारावर. इथे मी कमरेएवढा बुडेन, इथे छातीएवढा, इथे गळ्याएवढा, आणि त्यापुढे मी नाहीच. ती हसून हसून फरशीवर बसली होती.

गेलो. पाय लटपटत होते तरी गेलो, आबासाहेबांच्या अगदी जवळ, आणि म्हणालो, "साहेब, इथे सूर मारू नका. उथळ आहे. तीन फूट." ते धोतर वर घेऊन कासोटा घट्ट करत होते. त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. "बोर्डे, भिऊ नका," ते म्हणाले. "सूर मी मारनार हाय, तुमी न्हाई." मी म्हणालो, साहेब, खरंच सांगतो, तळ दिसत नाही पण तळ आहे. "आरं तळ तर असनारच की! तळ नसंल तर पानी थांबंल कुठं?" पुढच्या रांगेला हे ऐकू गेलं, आणि खो खो हशा पिकला. माझ्या खांद्यावर थोपटून त्यांनी मला बाजूला सारलं. चूक त्यांची नव्हती. मी भोंग्याला भितो, बैलाला भितो, काडीला भितो, तर या पाण्याला भितो यात नवल काय? खरी भीती वाटायची वेळ आली आणि माझ्या भीतीला काडीची किंमत उरली नव्हती. मला स्वतःचा इतका संताप आला की काय सांगू.

शिट्टी! शिट्टी कशासाठी दिली होती? मी छाती भरून फुंकली. कानठळ्या बसतील अशी वाजली, मलाच दचकायला झालं. आणि ताबडतोब मागून बँड सुरू झाला. रंगनाथरावांनी बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, बोर्डे शिट्टी मारतील तेव्हा सुरू करा. मी पुन्हा फुंकली, त्यांनी आणखी जोरात वाजवलं. मी दोन्ही हात वर करून नको नको म्हणून हलवले, तर मांडवातल्या लोकांनीही हात वर करून हलवले. भागूबाई सदरा छातीशी धरून ओरडत होती, "आन गाळ! गाळ आन तळाचा!" आबासाहेब काठावर पुढे सरकले. पायाची बोटं फरशीच्या कडेवर घट्ट बसवली, जुन्या सवयीने, हात डोक्याच्या वर जोडले, आणि कंबरेत वाकले. मान खाली गेली. त्या दोन वळ्या मिटून एक झाल्या.

मी काठावरचा बांबू उचलला. पण बांबू पाण्यात असलेल्या माणसाला देतात, काठावरच्याला काय देणार, टोचणार? चेअरमनना? मला वाटतं मी 'प्रभू' म्हणालो. नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पायाखालची फरशी गेली. मी सूर मारला नाही, उडी मारली नाही, मी जिन्याची पायरी उतरावी तसा नुसता पाय पुढे टाकला आणि जिना नव्हता. थंड! नाकात पाणी, कानात पाणी, तोंडात शिट्टी आणि शिट्टीत पाणी. दुधाची आणि औषधाची मिळून एक विचित्र चव. मेलो, असं मी अगदी स्पष्टपणे मनाशी म्हणालो. हन्ना बघत असेल, आणि मामा असता तर लग्नात आणखी एक गोष्ट, हेही मनात येऊन गेलं. मग गुडघे कशाला तरी आपटले, हात कशाला तरी टेकले, आणि मी उभा राहिलो. म्हणजे कसा, तर सरळ उभा. टोपी तरंगत होती. पाणी माझ्या पट्ट्याला लागत होतं. पट्ट्याच्या वर अख्खा मी कोरड्या हवेत, डोक्यावरून हळदीकुंकू ओघळतंय, खांद्यावर एक झेंडू.

बँड एका एका वाद्याने थांबला, ढोलवाला सगळ्यात शेवटी. आबासाहेब तसेच वाकलेले होते, हात जोडलेले, माझ्यापासून दोन हातांवर. ते माझ्या पट्ट्याकडे बघत होते. मग त्यांनी पट्ट्याच्या खाली पाहिलं, जिथे मी दिसत नव्हतो. मग माझ्या तोंडाकडे. माझे दात वाजत होते. ते हळूहळू सरळ झाले. एक हात आपोआप मागे गेला आणि मानेवर बसला, आणि तिथेच राहिला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आबा!" भागूबाईचा आवाज आला. "काय रं झालं? मार की!"

"मारतो गं," आबासाहेब म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. मग घसा खाकरून लाऊडस्पीकरवर ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "पानी कसं हाय, बोर्डे?"

"उथळ आहे, साहेब," मी म्हणालो. शिट्टी तोंडातून पडली.

"मंग पोरांसाठी बराबर हाय," ते लोकांकडे वळून म्हणाले. "ही बाजू पोरांची. हितं कुनी सूर मारायचा न्हाई, येकानंबी न्हाई. मी बी न्हाई. बोर्डे, हात द्या." आणि नदीत उतरतात तसे काठावर बसून, आधी एक पाय, मग दुसरा, धोतर फुगलंय, पाण्याला शिव्या देत, ते खाली उतरले. लोकांना वाटलं हे सगळं ठरलेलंच होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला, रंगनाथरावांनी पुन्हा बँडला खूण केली, फोटोग्राफर धावत काठावर आला आणि म्हणाला, साहेब, इकडे बघा, दोघंही, हसा.

आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. त्यांनी माझा हात पाण्याखाली धरला होता, फोटोत दिसणार नाही असा, आणि असा आवळला होता की माझी बोटं कळवळली. कॅमेऱ्याकडे बघून हसतच होते. मग ओठ न हलवता हळूच म्हणाले, "बोर्डे, पाय कापाया लागले माजे. आजवर कंदी असं झालं न्हाई. तुमास्नी सवय हाय. काय करत्यात आशा वक्ताला?"

मला जन्मात कुणी असलं काही विचारलं नव्हतं. मला उत्तर माहीत होतं.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "पाय खाली टेकलेत का, एवढं बघायचं. आणि कुणाला तरी धरून ठेवायचं. थोड्या वेळाने कमी होतं."

त्यांनी पाण्यात एकेक पाय दाबून पाहिला.

"टेकल्यात," ते म्हणाले. हात मात्र सोडला नाही.